टाकीत टाकलेला दगड

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या टाकीतला एक मासा मेला. चूक आमची होती. अनेक घरांत आता काचेच्या टाक्या आल्या आहेत, म्हणून ती इथे सांगतो.

आमची टाकी तीन फुटी, खाऱ्या पाण्याची, सुमारे 180 लिटरची. दोन क्लाउनफिश आणि एक निळा डॅमसेल तिच्यात दोन वर्षे सुखाने नांदत होते. मुंबईच्या एका परिचिताने आपली टाकी मोडली आणि तिच्यातले चार किलो ‘लाइव्ह रॉक’ आम्हाला दिले. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ते आम्ही एसटीने घरी आणले. नववीतला मुलगा दारातच वाट पाहत होता.

“अब्बा, आजच टाकू या ना. उद्या खाला येणार आहेत.”

वर्गात रोज ‘घाई करू नका’ म्हणणारे आम्ही त्याच्या चेहऱ्यापुढे विरघळलो. दगड सरळ टाकीत गेले.

फजरला उठलो तर पाणी दुधाळ झालेले, खोलीत कुजका वास. डॅमसेल तळाशी मरून पडला होता. क्लाउनफिश पाण्याच्या वर तोंड आणून धापा टाकत होते. किटने तपासले तर अमोनियाचा रंग गडद हिरवा.

लाइव्ह रॉक म्हणजे प्रवाळाच्या सांगाड्याचा सच्छिद्र चुनखडीचा दगड. दगड काही जिवंत नसतो, त्याच्या छिद्रांत राहणारे जीव जिवंत असतात: जिवाणू, जांभळे शेवाळ, किडे, स्पंज. माशांच्या घाणीतून होणाऱ्या अमोनियाचे हे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. चांगला दगड टाकीची गाळणी असतो तो याचमुळे. पण पाण्याबाहेरच्या प्रवासात त्यावरचे बरेच जीव मरतात आणि टाकीत गेल्यावर कुजू लागतात. जुन्या टाकीतले जिवाणू तिथल्या रोजच्या घाणीपुरतेच वाढलेले असतात, अचानक आलेला हा भार त्यांना पेलत नाही. त्यात खाऱ्या पाण्याचा पीएच आठच्या वर असतो आणि अशा पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो. दोन वर्षांची टाकी एका रात्रीत नासली ती अशी.

दगड लगेच बाहेर काढले. तेवढ्याच खारटपणाचे आणि तापमानाचे पाणी तयार करून निम्मे पाणी बदलले, हवेचा पंप वाढवला. दोन्ही क्लाउनफिश वाचले, अलहम्दुलिल्लाह.

बेगम म्हणाल्या, “हे दगड उकळून टाका, म्हणजे सगळी घाण मरेल.” वाटते सोपे, पण हे कधीही करू नये. अशा दगडावर कधी कधी झोअँथिड नावाचे फुलासारखे जीव असतात. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असते. दगड उकळल्याने विषारी वाफ घरभर पसरून परदेशात अख्खी कुटुंबे दवाखान्यात गेली आहेत. दगड घासायचा तर हातमोजे आणि चष्मा घालून, बाहेर मोकळ्या हवेत, मुलांना दूर ठेवून.

मग जे आधी करायचे ते नंतर केले. एका टबात खारे पाणी, हीटर, पाणी फिरवणारा पंप. कुजलेला भाग पाण्यातच ब्रशने काढला. दर आठवड्याला पाणी बदलले. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन आठवडाभर तसेच राहिले, वास गेला, तेव्हाच दगड तयार झाले असे मानले. पाच आठवडे लागले. या काळात एका दगडातून मँटिस श्रिम्प निघाला. हा शिकारी टाकीत गेला असता तर उरलेल्या माशांचेही खरे नव्हते. मग एका वेळी एकच दगड आणि मध्ये काही दिवस पाण्याची तपासणी, अशा क्रमाने ते टाकीत ठेवले.

कोकणातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. मालवणच्या समुद्रातून असा दगड उचलून आणू नका. दगड घडवणारी सगळी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ती तोडणे किंवा विकणे गुन्हा आहे. सूरह रहमानमध्ये मोत्यांबरोबर ज्या ‘मरजान’चा उल्लेख येतो, त्याचा अर्थ बहुतेक अनुवादक पोवळे असाच करतात. ती नेमत समुद्रातच राहू द्यावी. बाजारात कृत्रिम कोरडा दगड मिळतो. त्याच्याजवळ जुन्या टाकीतला एखादा तुकडा ठेवला की काही महिन्यांत तोही ‘जिवंत’ होतो.

अबू उमैर या लहान मुलाच्या छोट्या पक्ष्याची प्रेषित (स.) यांनी मायेने विचारपूस केली होती. जीव पाळण्याची मुभा उलेमा या हदीसवरून सांगतात. आणि मांजर बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही आपल्याला माहीत आहे. पाळावे, पण काचेच्या आत कोंडलेल्या जिवाला पाणी बिघडल्यावर दुसरीकडे जाता येत नाही, हे पाळणाऱ्याने विसरू नये.

त्या पाच आठवड्यांत मुलाने वहीत रोजचा अमोनिया लिहून ठेवला. पहिल्या पानावर त्याने लिहिले होते, ‘डॅमसेल माझ्यामुळे मेला.’ आम्ही ‘माझ्यामुळे’ खोडून ‘अब्बांमुळे’ लिहिले. होकार आम्ही दिला होता.