बर्फावर तोफ डागावी का?

मागच्या शनिवारी वर्गात ‘हिमस्खलन’ हा शब्द आला. आपल्या अल बर्शातल्या मुलांना बर्फ माहीत आहे तो मॉलमधला, स्की दुबईचा. अगदी गुणी बर्फ! बाईंनी सियाचीनची गोष्ट सांगितली. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळला आणि दहा जवान गेले. त्यांतला एक आपल्या सातारा जिल्ह्यातला. घरी आल्यावर मुलीने विचारले, “बाबा, तो बर्फ आधीच पाडता आला नसता का?”

तिथे प्रत्येक चौकीच्या डोक्यावरचा बर्फ पाडत बसणे शक्य नाही. पण घाटातल्या रस्त्यावर पाडता येतो, आणि तोही तोफेने!

कॅनडात रॉजर्स पास नावाची खिंड आहे. १९१० साली तिथे रुळांवरचा बर्फ उपसणाऱ्या ५८ कामगारांवर दुसरा कडा कोसळला. पुढे तिथून महामार्ग गेला, आणि लष्कराचे तोफची १०५ मिलिमीटरच्या तोफा घेऊन हिवाळ्यात तिथे मुक्काम करू लागले. कुठे आणि कधी डागायचे ते हिमतज्ज्ञ ठरवतात. आधी रस्ता बंद, मग गोळा.

बर्फ आवाजाने पडतो असे सिनेमात दाखवतात, ते खरे नाही. बर्फाचे थर एकावर एक साचतात. मधला एखादा थर कच्चा असतो. गोळा तिथेच जवळ फुटला की तो थर सुटतो. वाळूच्या टेकडीच्या कडेवर तुम्ही बसता तेव्हा वाळू घसरते ना, साधारण तसेच. आम्ही संगणकवालेसुद्धा ग्राहकापुढे प्रोग्रॅम कोसळण्याआधी तो रात्री मुद्दाम पाडून बघतो.

काही पालक म्हणतील, न फुटलेला गोळा डोंगरात राहिला तर? आक्षेप खरा आहे. म्हणूनच काही ठिकाणी आता तोफेऐवजी डोंगरावर पक्के मनोरे उभारून त्यांतून स्फोट करतात. सीमेजवळ तोफेचा आवाज शेजाऱ्याला वेगळाच वाटेल, हेही आहे. तरीही झोजीलासारख्या खिंडीत, जिथे लष्कराच्याच गाड्या जातात, तिथे बोगदा पुरा होईपर्यंत तोफ अशी वापरायला माझा पाठिंबा आहे. अवघड काम तोफेचे नाहीच. शंभर ट्रक खोळंबलेले असताना ‘आज रस्ता बंद’ म्हणणे अवघड.

खंडाळ्याच्या घाटात रेल्वेची माणसे पावसाळ्याआधी सैल झालेले दगड शोधून स्वतःच खाली पाडतात. तिथे पहार पुरते. सुट्टीत पुण्याला जाल तेव्हा खिडकीतून कड्यांकडे बघा, लोखंडी जाळ्याही दिसतील.

— एक पालक