विहिरीचे पाणी आणि पंपाची वीज

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने धाराशिव, बीड व लातूर जिल्ह्यांतील उभी पिके पाण्याखाली गेली आणि अनेक ठिकाणी शेतातील मातीही वाहून गेली. दुष्काळ आणि पूर या दोन आपत्ती परस्परविरोधी वाटतात. तथापि हवामानशास्त्राच्या दृष्टीने त्या एकाच प्रक्रियेची दोन रूपे ठरू लागली आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग जवळजवळ तिपटीने वाढले. अरबी समुद्र तापत आहे आणि तेथून येणारे बाष्प अधिक अनियमितपणे येत आहे, हे त्याचे कारण. मोसमी पावसाची एकूण बेरीज मात्र त्या प्रमाणात वाढलेली नाही. म्हणजे पाऊस तोच किंवा कमी. पण तो थोड्या दिवसांत, आडदांडपणे पडणारा.

या बदलाचा पहिला फटका भूजलाला बसतो. महाराष्ट्राचा बराचसा भाग बसाल्ट खडकाचा आहे. या खडकाची पाणी साठविण्याची शक्ती मुळात बेताची. रिमझिम पाऊस चार दिवस पडला तर तो मुरतो. तेवढाच पाऊस चार तासांत पडला तर ओढ्यानाल्यांतून निघून जातो. मग दोन पावसांमधील लांबलेल्या उघडिपीत पीक वाचविण्यासाठी शेतकरी विहिरीकडे आणि विहीर आटली की कूपनलिकेकडे वळतो. हवामानाचा प्रश्न येथे विजेचा प्रश्न होतो.

खोलीचा हिशेब

एक हजार लिटर पाणी १० मीटर खोलीवरून वर आणण्यास पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने ०.०३ युनिटहूनही कमी वीज पुरते. तेच पाणी १०० मीटरवरून उचलायचे तर ०.२७ युनिट लागते. पंप व नळ यांतील गळती धरली तर दोन्ही आकडे बरेच वाढतात. पाणी तेवढेच, पीक तेच, पण वीज दहापट. पाण्याची पातळी खाली गेली की विजेची मागणी वाढते. ती वीज अजूनही मुख्यतः कोळशातून येते आणि कोळशाच्या धुराने हवामान आणखी बिघडते. ग्रामीण भागातील ऊर्जाबचतीचा विचार केवळ दिवे आणि पंखे यांच्यापुरता ठेवणे म्हणूनच अपुरे आहे. शेतीप्रधान गावात विजेचा मोठा खर्च पंपावर होतो.

आता किमतीचा विचार. राज्य शासनाने २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज जाहीर केली. लाभार्थींची संख्या सुमारे ४४ लाख आहे. शेतमालाच्या भावाची अनिश्चितता पाहता या सवलतीमागील सहानुभूती समजण्यासारखी आहे. परंतु ज्या वस्तूचा पुढचा एकक फुकट मिळतो तिची काटकसर कोणी का करावी? यात शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. एकाने पंप बंद ठेवून वाचविलेले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत झिरपते आणि शेजारी ते उपसतो. भूजलाला बांध नसतो. त्यामुळे एकट्याने केलेली काटकसर हा त्या एकट्याचा तोटा ठरतो. ही बचत सामुदायिक असेल तरच टिकते.

सूर्य फुकट, पाणी नव्हे

यावर सौरपंप हा उतारा सांगितला जातो. त्याचे लाभ खरे आहेत. रात्रीच्या अंधारात, सापाविंचवांच्या भयात पाणी देण्याची पाळी टळते, कोळसा वाचतो, शासनाच्या तिजोरीवरील भार हलका होतो. परंतु वीजजाळ्याशी न जोडलेल्या सौरपंपाने मूळ अडचण सुटत नाही. अशा पंपाची उरलेली वीज विकता येत नाही. ऊन वाया घालवावे किंवा पाणी उपसावे, एवढाच पर्याय शेतकऱ्यापुढे राहतो. सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले, ही कौतुकाची गोष्ट आहे. मात्र वीज निर्माण करणे आणि वीज वाचविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरता कामा नये.

गुजरातेतील खेडा जिल्ह्यातील धुंडी गावाने २०१६ मध्ये वेगळी वाट शोधली. तेथे सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी स्थापन केली आणि उरलेली वीज वीज कंपनीला प्रतियुनिट ४ रुपये ६३ पैसे दराने २५ वर्षे विकण्याचा करार केला. मोबदल्यात त्यांनी सवलतीच्या विजेवरील हक्क सोडला. अर्थशास्त्राच्या भाषेत, न उपसलेल्या पाण्याला प्रथमच किंमत आली. पंजाबने २०१८ मध्ये सौरऊर्जेविनाच हे तत्त्व वापरले: पंपाला विजेचा ठरावीक वाटा द्यायचा आणि त्यातून वाचलेल्या प्रत्येक युनिटामागे शेतकऱ्याला ४ रुपये द्यायचे.

अर्थात धुंडीचा प्रयोग उचलून मराठवाड्यात आणता येणार नाही. खेड्याची जमीन गाळाची आणि कालव्यांच्या आधाराची. येथे खडक आणि तुटपुंजा साठा. शिवाय वीज विकण्यापेक्षा शेजाऱ्याला पाणी विकणे फायद्याचे ठरले, तर तोच पंप उपसा वाढवील. किमतीच्या जोडीला सामुदायिक नियम हवा, तो येथेच.

त्या बाबतीत महाराष्ट्राला कोणाकडे उसने मागण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून पाणी पंचायतीचा विचार मांडला. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता कुटुंबातील माणसांवर ठरावा, भूमिहीनांनाही तो मिळावा आणि त्या पाण्यावर ऊस घेऊ नये, ही त्याची सूत्रे होती. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास मनाई केली आणि दरवर्षी पडलेल्या पावसावरून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची शिस्त लावली. ही दोन्ही उदाहरणे पाणीवाटपाची म्हणून सांगितली जातात. वस्तुतः ती ऊर्जाबचतीचीही आहेत. पाणी वर राहिले की वीज आपोआप वाचते.

या दोन परंपरांचा सांधा जुळविणे, हे आजचे काम आहे. पहिली आवश्यकता मोजमापाची. अनेक कृषिपंपांना आजही मीटर नाहीत; जे मोजले जात नाही त्याची बचत सिद्ध करता येत नाही. मीटर म्हणजे बिलाची पूर्वतयारी, ही शेतकऱ्यांची शंका अनुभवातून आलेली आहे. ती दूर करायची असेल तर मीटरमुळे प्रथम पैसे मिळाले पाहिजेत. दुसरे असे की, गावाच्या वीजवाहिनीला एक घटक मानून वाचलेल्या युनिटांची रक्कम ग्रामसभेच्या स्वाधीन करावी, आणि तिचा काही भाग भूमिहीनांकडे जावा. तिसरे म्हणजे, जाळ्याशी जोडलेल्या पंपातून वीज विकण्याची जी तरतूद २०१९ च्या प्रधानमंत्री कुसुम योजनेत आहे, ती ज्या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडला त्याला प्रथम द्यावी.

मोफत विजेची मुदत २०२९ मध्ये संपते. ते निवडणुकांचेही वर्ष आहे. तेव्हा मुदत वाढविण्यापलीकडे काही सुचण्याची शक्यता कमी. तोवर काही गावांत तरी बचतीचा मोबदला रोख मिळताना दिसला, तर शेतकऱ्यांसमोर मोफत विजेखेरीज दुसरा पर्याय उभा राहील. तो न राहिल्यास पाऊस जसजसा लहरी होईल तसतशा कूपनलिका खोल जातील, आणि त्या शर्यतीत ज्याच्याकडे खोल जाण्याइतका पैसा नाही तो लहान शेतकरीच प्रथम मागे पडेल.