आकडा एक, हादरे अनेक

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. गणेशविसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबाद परिसरातील गावे झोपेत असताना किल्लारीजवळची धरणी हादरली आणि हजारो माणसे दगडमातीच्या ढिगाऱ्यांखाली गाडली गेली. या भूकंपाची महत्ता ६.२ होती. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये झालेल्या भूकंपाची महत्ता ७.७ होती. दोहोंत अंतर दीडाचेच दिसते. परंतु हा दीड जमाखर्चाच्या वहीतील दीड नव्हे.

पृथ्वीचे कवच अनेक भूपट्टांचे बनलेले आहे. भारतीय भूपट्ट दरवर्षी काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकून आशिया खंडावर दाब देतो. धनुष्य वाकवावे तसा हा ताण खडकांत साठत जातो आणि त्याचा अंश किल्लारीसारख्या, भूपट्टाच्या सीमेपासून दूरच्या प्रदेशातही पोहोचतो. खडकाची सहनशक्ती संपली की तो भेगेवर एकाएकी सरकतो आणि साठलेली ऊर्जा लहरींच्या रूपाने बाहेर पडते. भूगर्भातील त्या जागेला नाभी म्हणतात, तर तिच्या नेमक्या वरच्या भूपृष्ठावरील बिंदूला अपिकेंद्र.

भूकंपमापक यंत्राचे तत्त्व साधे आहे. चौकटीला टांगलेले जड वजन जडत्वामुळे जवळजवळ स्थिर राहते, जमिनीबरोबर चौकट मात्र हलते. या दोहोंतील फरक आलेखावर उमटतो. वेगवान प्राथमिक लहरी आधी येतात, दुय्यम लहरी मागून. वीज चमकणे आणि गडगडाट ऐकू येणे यांतील अवधीवरून वीज किती दूर पडली हे कळते, त्याचप्रमाणे या दोन लहरींमधील अवधीवरून भूकंपाचे अंतर कळते. किमान तीन केंद्रांवरील नोंदी जुळवल्या की अपिकेंद्र निश्चित होते.

१९३५ मध्ये चार्ल्स रिश्टर यांनी कॅलिफोर्नियातील भूकंपांसाठी मापनश्रेणी मांडली. धनादेशावर शंभरापुढे एक शून्य पडले की रक्कम हजार होते. ही श्रेणी जणू रक्कम न मोजता शून्ये मोजते. महत्ता एकाने वाढली की लहरींची उंची दहापट आणि ऊर्जा सुमारे ३२ पट होते. दोनाने वाढली तर ऊर्जा सुमारे हजारपट. मोठ्या भूकंपांसाठी ही श्रेणी अपुरी पडते. म्हणून आज सरकलेल्या भेगेचे क्षेत्रफळ, सरकण्याचे अंतर आणि खडकाचा ताठपणा यांवरून मोमेंट महत्ता काढतात. या हिशेबाने कच्छच्या भूकंपाची ऊर्जा किल्लारीच्या सुमारे पावणेदोनशे पट ठरते.

मग तुलनेने लहान भूकंपाने किल्लारीत एवढा संहार कसा झाला? याचे उत्तर तीव्रतेत आहे. भूकंपाची महत्ता एकच असते. तीव्रता, म्हणजे एखाद्या ठिकाणी प्रत्यक्ष जाणवलेला हादरा आणि झालेली हानी, गावोगावी निराळी असते. ती मर्केली श्रेणीच्या बारा पायऱ्यांवर मोजली जाते. किल्लारीत नाभी उथळ होती, वेळ झोपेची होती आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींवर मातीच्या जड छतांचा भार होता. उलट, २००१ मध्ये अपिकेंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी अनेकींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवून केवळ खांबांवर उभारलेला होता.

व्यापारी कुटुंबांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. खाली दुकान, वर राहते घर ही आपली जुनी पद्धत. दुकानाचा दर्शनी भाग रुंद करण्यासाठी भार पेलणारी भिंत पाडली, खांब तासला किंवा वरच्या मजल्यावर मालाच्या थप्प्या रचल्या, तर इमारत त्याच दिवसापासून दुबळी होते. ते उघडकीस येते मात्र धरणी हादरल्यावर. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगणारी पद्धत आजही उपलब्ध नाही. इमारतीची तपासणी मात्र केव्हाही करता येते. म्हणून असा कोणताही बदल करण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय घ्यावा, आणि बदल पूर्वीच झाला असेल तर तपासणी लांबणीवर टाकू नये. विम्याने मालाचे नुकसान भरून निघेल. वरच्या मजल्यावर झोपलेल्या माणसांचे नाही.