खोकला, पंप आणि तंबाखूची भुकटी
मुलाचा खोकला चार आठवड्यांपलीकडे रेंगाळला, पहाटे झोपेतून उठवू लागला, पळाल्यावर छातीतून शिट्टी वाजू लागली, तर दम्याची शंका घ्यावी. 'पंपाची (इनहेलरची) सवय लागते' हा समज साफ चुकीचा आहे. पंपातले औषध मायक्रोग्रॅममध्ये, थेट श्वासनलिकेत जाते. त्याचे व्यसन लागत नाही. लहानांना तो स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून द्यावा. खोकल्याच्या सिरपने दमा आटोक्यात येत नाही. निपाणीसारख्या विड्यांच्या गावात दम्यामागे घरही बघावे लागते: आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, हाताच्या अंतरावर पाळणा. तंबाखूची भुकटी वखारीपुरती राहत नाही. चुलीचा धूर वेगळाच. पाच वर्षांखालच्या मुलांना दम्यासाठीची फुंकायची चाचणी सहसा जमत नाही, म्हणून निदान लक्षणांवरूनच होते. खोकला दोन आठवडे टिकला की क्षयाची तपासणीही करावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.