असतो, आहे, आलो आहे

दिवाळीच्या फराळात व्याकरण वाढणारा यजमान कुणाला आवडणार? पण वाचकहो, आज चिमूटभर वाढतोच. कारण तसेच घडले आहे.

आमच्या शेजारचा एक मुलगा नोकरीच्या मुलाखतीला गेला. ‘व्हॉट डझ युवर फादर डू?’ असा साधा प्रश्न आला. चिरंजीव उत्तरले, ‘ही इज टीचिंग इन अ स्कूल.’ साहेबांनी विचारले, ‘सध्या शिकवतात होय? मग एरवी काय करतात?’ मुलगा गोंधळला. वडिलांनी एकाच शाळेत २८ वर्षे खडू झिजवलेला. आणि मुलाने एका ‘इज टीचिंग’ने त्यांना चार दिवसांचे बदली शिक्षक करून टाकले!

दोष एकट्या मुलाचा नाही. ‘बाबा शाळेत शिकवतात’ आणि ‘बाबा २८ वर्षे शिकवतात’ या दोन्ही ठिकाणी आपले ‘शिकवतात’ बिनबोभाट चालते. इंग्रजीला ते चालत नाही. शाळेत आपण ‘आय गो, ही गोज’ घोकले. ते केव्हा वापरायचे, हे मात्र राहून गेले.

गंमत अशी, की याची किल्ली मराठीतच आहे. बोलण्यापूर्वी वाक्य मनात जरा ताणून पाहावे. ‘शिकवीत असतात’ बसले, म्हणजे नेहमीचा व्यवसाय किंवा सवय, तर ‘ही टीचेस’. ‘आत्ता शिकवीत आहेत, नंतर या’ असे असेल तर ‘ही इज टीचिंग’. ‘२८ वर्षे शिकवीत आले आहेत’ असे असेल तर ‘ही हॅज बीन टीचिंग फॉर ट्वेंटी-एट इयर्स’. येथे ‘सिन्स’ घालू नये. किती काळ, हे सांगताना ‘फॉर’. केव्हापासून, हे सांगताना ‘सिन्स’.

आणखी एक खड्डा आहे. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय ॲम नॉट नोइंग’ अशी वाक्ये सर्रास ऐकू येतात. मुंबईचे कवी निसीम इझिकेल यांनी या आपल्या सवयीवर विनोदी कविताही लिहिल्या. अहो, भाऊ असणे हे काही चालू असलेले काम नव्हे! ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय डोन्ट नो’ एवढेच पुरे. चहा पिणे हे मात्र काम. म्हणून ‘आय ॲम हॅविंग टी’ खुशाल म्हणावे.

नकार देतानाही जपावे. ‘डझ’ आला की क्रियापदाचा ‘एस’ त्याच्यातच जातो. ‘ही डझ नॉट टीचेस’ नव्हे, ‘ही डझ नॉट टीच’.

त्या मुलाला मी ‘असतो, आहे, आलो आहे’ एवढाच मंत्र लिहून दिला. पुढच्या खेपेस नोकरी मिळो न मिळो, वडिलांची २८ वर्षे तरी शाबूत राहतील!