आधी नाव बदला म्हणे!

लग्न झालेली मुलगी परदेशी शिकायला निघाली की एक सल्लागार हमखास उगवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आधी गॅझेट करा, आधार-पॅन-पासपोर्ट सासरच्या नावाने करा, जमल्यास पदव्याही बदलून घ्या. सगळे कागद एका नावाचे झाले की मग अर्ज. नाहीतर व्हिसा नाकारतात. कोणाचा नाकारला, ते विचारायचं नाही.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. पासपोर्टलाही तशी अट नाही.

सल्लागारांना वाटतं, बदलतं ते फक्त आडनाव. पुष्कळ परदेशी अर्जांतही माहेरच्या आडनावापुरताच रकाना असतो. पण मराठी बाईच्या नावात वडिलांच्या जागी नवरा येतो, आडनाव जातं आणि सासर हौशी असेल तर तांदळात अंगठीने लिहिलेलं नवं नाव पहिल्याचाही निकाल लावतं. माधुरी सदाशिव लेले एका दुपारीत गौरी श्रीकांत पाटणकर! पासपोर्टात मधलं नाव बहुधा पहिल्या नावाच्याच रकान्यात छापलेलं असतं, म्हणजे तिथलेही दोन्ही रकाने बदलले. दहावीच्या गुणपत्रिकेपासून ट्रान्स्क्रिप्टपर्यंत सगळीकडे माधुरी आणि अर्जदार गौरी. ज्या घोळाची भीती घातली, तो यांच्याच उपायातून निघाला. शिवाय नव्या पासपोर्टाचा क्रमांकही नवा. टोफेलची नोंदणी जुन्या नावाने झाली असेल, तर परीक्षा केंद्राच्या दारात गौरीबाईंनी काय मंगळसूत्र दाखवायचं?

आईचं नाव कागदावर घ्यायची चर्चा होती तेव्हा याच मंडळींनी 'रकाने पुरणार नाहीत' म्हणून गळा काढला होता. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात ते आलं, रकाने पुरले. विवाहितेच्या नावात नवऱ्याची जागा मात्र कायम राहिली, त्याबद्दल यांची कुरकुर ऐकली नाही.

मग करायचं काय? पासपोर्टावर आज जे नाव आहे त्याच नावाने परीक्षा, अर्ज, व्हिसा. नाव बदललं नसेल तर शिक्षण संपेपर्यंत तिकडे फिरकू नका. बदललंच असेल तर पूर्वीचं पूर्ण नाव लपवू नका. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात ते सरळ विचारतात. विवाह नोंदणीचा दाखला, गॅझेटची प्रत, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा.

आणि नवऱ्याला डिपेंडंट म्हणून सोबत न्यायचं असेल (सल्लागारांना ही शक्यता सुचतच नाही), तरी त्याचं नाव आपल्या नावात असावं लागत नाही. विवाहाचा दाखला लागतो. तो आधी काढा.