धारवाडची थट्टा

आपल्या सीमाभागात एखादा मनुष्य जरा विचित्र बोलला, की "याला आता धारवाडला पाठवा" हा शेरा ठरलेलाच. धारवाडला एकोणिसाव्या शतकापासून मनोरुग्णांचे इस्पितळ आहे, त्यावरून ही थट्टा रूढ झाली. मल्लिकार्जुन मन्सूर जेथे राहिले, जी. ए. कुलकर्णींनी जेथे अध्यापन केले, त्या नगरीच्या नावाचा असा उपयोग व्हावा, हे खेदाचे खरेच. परंतु माझी तक्रार धारवाडच्या वतीने नाही. ते नाव गोड ठेवण्यास तेथील पेढे समर्थ आहेत! माझी तक्रार रुग्णांच्या वतीने आहे, कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतः नैराश्याचा रुग्ण होतो.

नैराश्य म्हणजे पराकाष्ठेचे दुःख, असा पुष्कळांचा समज आहे. माझा अनुभव निराळा आहे. दुःखात माणूस रडतो, कोणापाशी तरी बोलतो, आणि चार दिवसांनी त्याला भूक लागते. मला रडूच येत नसे. पहाटे तीनला जाग येई, ती कायमची. वर्तमानपत्रातील एकच मजकूर चार वेळा वाचूनही अर्थ लागत नसे. "मन घट्ट कर," असा उपदेश जो तो करी. विषमज्वराने फणफणलेल्यास निश्चयाने ताप उतरव, असे कोणी सांगत नाही. मग याच आजारात इच्छाशक्तीची एवढी आठवण का व्हावी?

उपचार धारवाडलाच झाले. शेजाऱ्यांना मात्र कंबरदुखीचे कारण सांगण्यात आले, आणि मला जिना चढताना कंबरेवर हात ठेवण्याची दक्षता घ्यावी लागे! डॉक्टरांनी प्रारंभीच बजावले होते, की गोळ्यांचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, तोंडाला कोरड हे त्रास मात्र पहिल्या दिवसांतच सुरू होऊ शकतात. हे ठाऊक नसल्याने कित्येक जण मध्येच औषध सोडतात. तिसऱ्या आठवड्याअखेर मला प्रथम जाणवले ते इतकेच, की आमटीला चव आहे.

कायद्याने आपली भाषा केव्हाच सुधारली. १९१२ च्या कायद्याच्या नावातच 'वेड' होते. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णास उपचारांचा हक्क दिला व त्याला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली. आपली थट्टा मात्र होती तेथेच आहे. "थट्टाच ती, मनावर काय घेता?" असे कोणी म्हणेल. परंतु विद्यार्थिमित्रांनो, वर्गात तीस मुले या शेऱ्याला हसतात, तेव्हा एकतिसावा, ज्याची आई किंवा थोरला भाऊ अशा गोळ्या घेत आहे, तोही त्यांच्याबरोबर हसतो. आणि घरातील ही गोष्ट बाहेर बोलावयाची नसते, एवढे शिकून घरी जातो. पुढे त्याचे स्वतःचे मन आजारी पडले, तर तो कोणाकडे जाईल? त्याच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्याने ती थट्टा सोडली, तर कदाचित त्याच्याकडेच. आणि ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे. तेथे दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतही आणि कन्नडमध्येही.